अडीच सेंटिमीटर

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला की मी आधी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, रकाना बघते. यंदाही बघितला. २३.३, आणि पुढे हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. गेली कित्येक वर्षं हे 'नॉर्मल' वाचून मी फाइल मिटत आले आहे. या वेळी मिटता मिटता मागच्या पानावर काहीतरी लाल दिसलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, एचबीए१सी, ५.९ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर एक पाय ठेवलेला.

डॉक्टरीणबाईंकडे गेले ती तक्रार घेऊनच. "वजन तर नॉर्मल आहे माझं, मग हे कसं?" त्या काही न बोलता टेबलाला वळसा घालून आल्या, मला उभं केलं आणि पोटाभोवती टेप गुंडाळली. ८६ सेंटिमीटर. टेप गुंडाळून ठेवता ठेवता म्हणाल्या, "वजन ठीक असेल हो. ते कुठे साठवलंय, ते बघायला हवं."

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, मी लठ्ठ आहे म्हणे!" विम्याच्या अर्जात त्याने उंची १७४ आणि वजन ८३ भरलं होतं, बीएमआय निघाला २७.४. हा माणूस गेली दहा वर्षं नेमाने वजनं उचलतो, चार मजले बोलत बोलत चढतो, आणि त्याची साखर बघितली तर माझ्यासारखीने डोळे पुसावेत अशी. त्याला कागदावर जादा वजन आणि मला हिरवं नॉर्मल. एकाच आईची दोन मुलं, एकच सूत्र, आणि दोघांचेही निकाल उलटे.

मी हिशेब तपासणीचं काम करते. दोन खाती जुळली नाहीत की मला झोप येत नाही. म्हणून ठरवलं, आपलं शरीर एकदा रीतसर तपासायचं. काटा, टेप, चिमटा, स्कॅन, जे जे मिळेल त्याने मोजायचं आणि ताळा बसतो का बघायचं. भाऊ म्हणाला, मीही येतो. त्याला अर्थात स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करायचं होतं.

आमच्या कामात पहिला नियम असा की सुरुवातीची शिल्लक कुणी तपासली ते आधी विचारायचं. बीएमआयमध्ये आकडे दोनच, वजन आणि उंची. वजन दरवर्षी काट्यावर होतं. उंची? तपासणीच्या वेळी बाई विचारतात, "उंची?" मी म्हणते, "१६०." त्या लिहितात. हे १६० आलं कुठून ते आठवायला मला बराच वेळ लागला. कॉलेजात असताना कुठल्याशा फॉर्मवर मीच लिहिलं होतं, आणि तेव्हाही बहुधा जरा वर ओढूनच.

भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभी राहिले, नजर समोर. भावाने डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने रेघ मारली. तीनदा मोजलं. तीनही वेळा १५७.५. सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर थोडं जास्त भरलं. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा फुगतात आणि दिवसभर उभं राहून दबतात, तेवढा फरक. "सकाळची लिही," भाऊ म्हणाला. मी दुपारची लिहिली.

अडीच सेंटिमीटर म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. पण सूत्रात उंचीचा वर्ग असतो, त्यामुळे चूक दुप्पट होऊन बाहेर येते. ५९.६ किलोला १.६ मीटरच्या वर्गाने भागलं तर २३.३, आणि खऱ्या उंचीच्या वर्गाने भागलं तर २४.०. रकाना हिरवाच राहिला, कारण तिथली मर्यादा २५ ची होती. पण वजनाच्या किलो-अर्ध्या किलोवरून रडणारी मी, उंची मात्र वीस-पंचवीस वर्षं न तपासता पुढे ओढत आले होते, हे मला फार लागलं.

मग हे सूत्र काढलं कुणी, म्हणून वाचायला बसले. अडोल्फ केटले नावाचा बेल्जियन. खगोल आणि संख्याशास्त्रातला माणूस, डॉक्टर नव्हे. १८३२ च्या सुमाराला तो 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेत होता. माणूस सगळ्या बाजूंनी सारखाच वाढला असता तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढलं असतं. पण प्रौढांची मापं ताडून बघितली तर वजन साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, असं त्याला दिसलं. लठ्ठपणाचा त्यात विचारही नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव पडलं ते थेट १९७२ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून. म्हणजे हजारो माणसांचा ढीग चाळण्यासाठी केलेली चाळणी आपण एकेका माणसाचा न्याय करायला वापरतो. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी २०१३ मध्ये तर वर्गाऐवजी २.५ चा घात घ्या, म्हणजे बुटक्यांना आणि उंचांना न्याय मिळेल, असंही सुचवलं. मी त्यांच्या सूत्राने स्वतःचा आकडा काढला. वाढला. बुटक्यांचा वाढतोच. तो कागद मी ठेवला नाही.

आणि मर्यादासुद्धा काही दगडावरच्या रेघा नव्हेत. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ च्या वर 'जादा वजन' मानत; मग ती रेघ २५ वर आली, आणि लाखो माणसं एक ग्रॅमही न वाढता एका रात्रीत जाडी झाली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सांगितले, कारण त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते. भारतातल्या तज्ज्ञांनी तर २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरा, असं म्हटलं आहे. या हिशेबाने माझ्या खोट्या उंचीचा २३.३ सुद्धा हिरवा नव्हता. रिपोर्ट छापणाऱ्या यंत्रात कुणीतरी कधीतरी २५ भरून ठेवलं असणार, बस.

याच वाचनात एक फोटो भेटला, तो डोक्यातून जाईना. मधुमेहावर संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांची इंग्रजीतली सुरुवात एकाच अक्षराने होते, म्हणून त्याला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. शास्त्रज्ञाने स्वतःचंच शरीर पुराव्याला उभं करावं, हे मला फार आवडलं. फोटो भावाला दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मी युडकिन." मी काही बोलले नाही.

चरबी मोजायची तर पहिली सोय घरातच होती, भावाने कधीतरी दिलेला 'स्मार्ट' वजनकाटा. अनवाणी उभं राहायचं, की वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं, एवढंच काय शरीराचं वयसुद्धा फोनवर हजर. आणि सगळं दशांश चिन्हासकट. पहिल्या सकाळी ३४.९ टक्के. संध्याकाळी ३२.४. अडीच टक्के म्हणजे दीड किलो चरबी दिवसभरात गेली कुठे? मी तर खुर्चीवरून उठलेही नव्हते.

काट्याचं काम कळलं तेव्हा उलगडा झाला. पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून जाणवणारही नाही इतका क्षीण वीजप्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी थोडं, तिथे अडते. किती अडली, एवढीच गोष्ट काटा मोजतो. त्यावरून अंगातलं पाणी, पाण्यावरून चरबी सोडून उरलेलं शरीर (त्यात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून) आणि उरलेली ती चरबी, अशी ही उतरंड. रात्रभरात अंगातलं पाणी कमी होतं, अडथळा वाढतो, काट्याला वाटतं चरबी वाढली. संध्याकाळपर्यंत पायांत द्रव उतरलेला असतो, वीज धावते, चरबी 'घटते'. व्यायाम करून घामेजल्या अंगाने उभं राहिलं तर आणखीच घटते. भाऊ नेमका व्यायामानंतर उभा राहायचा.

पण खरी गंमत पुढे. मोजलेल्या अडथळ्यावर काटा कधीच थांबत नाही. तुम्ही भरलेलं वय, लिंग, उंची हे सगळं एका समीकरणात घालतो. मी तेच तपासायचं ठरवलं. फोनमध्ये खोटा माणूस तयार केला, पुरुष, वय २५, उंची माझीच. मग तेच पाय, तोच काटा, तेच मिनिट. चरबी २१.८ टक्के! मग स्वतःच्या नावावर येऊन उंची १६० केली, चरबी एका झटक्यात उतरली. 'खेळाडू' असं बटण होतं ते दाबलं, आणखी उतरली. भावाचा आकडा याच बटणाने २३.६ वरून १७.९ झाला, आणि त्याने ते बटण पुन्हा कधी बंद केलं नाही. समोर माणूस तोच आहे, मोजलेली वीज तीच आहे, आणि निकाल बदलतोय माझ्या टायपिंगवर. आमच्याकडे एखाद्या खात्यात असं सापडलं असतं तर मी तीन पानी शेरा लिहिला असता.

शिवाय ती वीज जवळची वाट धरते, पायांतून आणि ओटीपोटातून जाऊन परत. वरचं अंग ती धड बघतच नाही. माझी भानगड बरोबर पोटात होती.

आईला पेसमेकर आहे. आमचा हा खेळ बघून ती कौतुकाने काट्यावर चढायला निघाली, तेव्हा मी अक्षरशः ओरडून तिला खाली ओढलं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे चरबीवाले काटे वापरायचे नसतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत, शेवटून दुसऱ्या पानावर.

काटा फेकला नाही. रोज सकाळी, एकाच वेळी, प्रातर्विधी आटोपून, पाणी पिण्याआधी उभं राहायचं असं ठरवलं. दोन आठवड्यांत आकडे ३३.५ ते ३६.१ मध्ये नाचले, सरासरी ३४.६. एकेका दिवसाचा आकडा बघायचा नाही, सरासरीच तेवढी लिहायची. हे जमायला मला महिना लागला, कारण सकाळी सकाळी ३३.५ दिसलं की माणूस दिवसभर वेगळाच चालतो.

टेपबद्दल मला वाटत होतं की यात काय शिकायचंय. कपड्यांचं माप आपण जन्मभर देतो. तर पहिल्याच दिवशी एका मिनिटात माझे तीन आकडे आले. सर्वांत बारीक जागी ८२. बेंबीवर ८९. आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलेल्या जागी ८६. ती जागा अशी शोधायची: कुशीत बोटं दाबून सगळ्यांत खालची बरगडी चाचपायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरायची. टेप मागेही जमिनीला समांतर हवी, अंगाला लागलेली पण रुतलेली नको. श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि सुटला की वाचायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. टेप दिसली की पोट आपोआप आत जातं. मी एकटी असतानाही जात होतं. कुणापासून लपवत होते कोण जाणे. शेवटी मी आकडा न बघता टेप चिमटीत धरून बाहेर काढायची आणि मग वाचायची, असं सुरू केलं.

भाऊ म्हणाला, "माझी कंबर ३४, पँटवर लिहिलंय." पँटवरची कंबर पोटाच्या खाली बसते आणि शिवणाऱ्यांचं मन मोठं असतं. खरी मोजली तर ८५ सेंटिमीटर भरली, म्हणजे त्याच्या पँटने या खेपेस फारसं खोटं सांगितलं नव्हतं.

दक्षिण आशियाई पुरुषांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, स्त्रियांसाठी ८०. याहून सोपी एक कसोटी आहे. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. काटा नको, गणकयंत्र नको, उंचीएवढी दोरी घेऊन ती दुमडली आणि पोटाभोवती पुरली की झालं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून डॉक्टरांच्या मार्गदर्शनातही ही कसोटी आहे, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ आणि वर म्हणजे जास्तच. भावाचे ८५ भागिले १७४, ०.४९. माझे ८६ भागिले १५७.५, ०.५५. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एखादा आकडा आमच्या साखरेच्या रिपोर्टशी जुळला. आणि तो निघाला दोरीतून.

कारणही डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. कातडीखालची चरबी दिसायला कशीही असो, तुलनेने गरीब असते. पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती बसलेली चरबी जास्त उपद्रवी. तिच्यातून सुटणारे पदार्थ थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिनचं कामकाज बिघडवतात. पाळी जायच्या वयात बायकांची चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकू लागते. मी ४६ ची. काट्यावरचं वजन तेच राहतं, नुसती जागा बदलते. मोजणाऱ्याला पत्ता लागत नाही.

चिमट्याचा, म्हणजे कॅलिपरचा, प्रयोग भावाच्या व्यायामशाळेतल्या प्रशिक्षिकेने केला. बायकांसाठी तीन जागा: दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर, मांडीचा पुढचा भाग. उजव्या अंगाला, चिमटीत कातडी आणि चरबी उचलून, स्नायू सोडून. माझे २४, २५ आणि ३३ मिलिमीटर, बेरीज ८२. त्यावरून वय धरून शरीराची घनता काढतात आणि घनतेवरून चरबी. ४९५ भागिले घनता, वजा ४५०. या सूत्राचा पाया असा की चरबीची घनता ०.९ आणि बाकी शरीराची १.१. उत्तर ३१.९ टक्के. मी लगेच खूश. मग शेजारच्या दुसऱ्या प्रशिक्षिकेलाही मोजायला लावलं. तिची बेरीज ९१, उत्तर ३४.४. दोघीही कसलेल्या, माणूस तोच, मधे पाच मिनिटं. आणि आतली चरबी चिमट्यात येतच नाही, हे आहेच.

एक नुसत्या टेपचंही सूत्र आहे, अमेरिकी नौदलासाठी १९८४ मध्ये केलेलं. मान, कंबर, बायकांसाठी नितंब, आणि उंची. त्याने ३३.५ दिले. पाण्याखाली बुडवून वजन करण्याची आर्किमिडीजछाप जुनी पद्धतही असते; फुप्फुसांतली हवा पूर्ण सोडून पाण्याखाली स्थिर बसायचं. वाचूनच माझा श्वास अडकला, तिथे मी गेले नाही.

शेवटी डेक्सा स्कॅन केला, दोघांनीही. अंगावरचा धातू काढून पाठीवर निजायचं, वरून एक दांडी हळूहळू सरकत जाते. दोन वेगवेगळ्या शक्तींचे एक्स-रे आरपार जातात आणि हाड, चरबी, बाकीचं मऊ अंग यांत ते वेगवेगळे शोषले जातात, त्यावरून हिशेब होतो. किरणांचं प्रमाण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. दहा-बारा मिनिटांत उठून बसले. कागदावर माझी रंगीत आकृती होती, आणि पोटाच्या जागी रंग असा भडक की टेपने जे सांगितलं ते चित्रात उतरलं.

एकूण ५९.४ किलो. चरबी २२.०, हाडांतली खनिजं २.१, उरलेलं ३५.३. चरबी ३७ टक्के. भावाच्या ८३ किलोत चरबी १६.१ किलो, १९.४ टक्के. त्याच्या खेळाडू बटणाहून जास्त, त्याच्या विम्याच्या अर्जाहून सोज्ज्वळ. तो दिवसभर तो कागद खिशात घेऊन फिरला.

आता माझ्या वहीत एकाच बाईची चरबी ३१.९, ३३.५, ३४.४, ३४.६ आणि ३७ अशी लिहिलेली होती. ताळा बसणार कसा? मी तो कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि यातलं खरं कुठलं ते विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, चरबी थेट मोजायची तर शवविच्छेदन करावं लागतं. बाकी सगळे अंदाज. डेक्सा त्यातला चांगला अंदाज, पण यंत्राची बनावट बदलली की त्याचाही आकडा हलतो. (शवविच्छेदन मी तूर्त पुढे ढकललं आहे.)

आणि खरा आकडा समजा मिळाला, तरी तो कुठल्या रेघेपाशी ठेवायचा? एका प्रचलित तक्त्यात बायकांसाठी २५ ते ३१ सर्वसाधारण आणि ३२ पासून लठ्ठ. दुसऱ्यात माझ्या वयाला ३४ पर्यंत चालतं. म्हणजे चिमटावाल्या पहिल्या बाईंचा आकडा एका तक्त्यात काठावर आणि दुसऱ्यात आरामात. पुरुषांपेक्षा बायकांच्या अंगात चरबी जास्त असायलाच हवी, ती किमानच दहा-तेरा टक्के लागते, यावर मात्र सगळ्यांचं एकमत दिसलं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही मांडलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका. घेर किंवा चरबीचं आणखी एखादं माप जोडा, आणि मग त्या चरबीने शरीराचं काही बिघडवलंय का ते बघा. माझ्या बाबतीत तिसरा भाग आधीच लाल अक्षरांत छापून आला होता.

"मग माझं योग्य वजन किती?" मी तरी विचारलंच. सवय जात नाही. त्यांनी कागद पुढे ढकलला. "तुम्ही हिशेबातल्या आहात, काढा." चरबी सोडून माझं शरीर ३७.४ किलो. ३१ टक्के चरबी हवी असेल तर ३७.४ भागिले ०.६९, म्हणजे ५४.२ किलो. मी लिहून घेतलं. त्यांनी पेन घेऊन ३७.४ भोवती गोल केला. "हे तसंच राहील असं धरलंत. नुसतं कमी जेवून उतराल तर घटलेल्या वजनाचा चौथा हिस्सा यातून जाऊ शकतो." पुन्हा मांडलं. ५.२ किलो घटले, त्यातले १.३ स्नायूंचे गेले, तर ५४.२ वर पोहोचूनही चरबी ३३ च्या वरच. वजन हवं तिथे आलं आणि प्रमाण आलं नाही. मी ते ५४.२ खोडलं. त्याऐवजी वहीत तीन ओळी राहिल्या. पोटाचा घेर महिन्यातून एकदा, त्याच जागी. साखर तीन-चार महिन्यांनी. काट्यावरची आठवड्याची सरासरी, नुसती उतार-चढाव बघायला.

पुढच्या सात महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भावाने मला वजनं उचलायला शिकवली, आणि शिकवताना तो जेवढा असह्य झाला तेवढा लहानपणीही नव्हता. "ताई, पाठ सरळ! ताई, श्वास!" जेवणात प्रथिनं वाढवली, रात्री लवकर जेवू लागले, रोज चालले. तिसऱ्या महिन्यात वजन एक किलो वाढलं आणि मी सगळं सोडायला निघाले होते. टेप काढली तर घेर ८३. त्या दिवशी टेप नसती तर मी थांबले असते.

सातव्या महिन्यात त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा. ५७.६ किलो, चरबी १९.३, बाकी ३८.३. चरबी २.७ किलो गेली, उरलेलं शरीर ०.९ किलोने वाढलं. चरबीचं प्रमाण ३३.५ टक्के, म्हणजे एका तक्त्यात मी अजूनही लठ्ठ आणि दुसऱ्यात ठीक. घेर ८०; उंचीच्या निम्म्याला अजून सव्वा सेंटिमीटर कमी व्हायचा आहे. साखर ५.६. घरच्या काट्याने त्या सकाळी ३२.१ दाखवले, मी त्याला काही म्हटलं नाही. बाहेरच्यांना काहीच दिसलं नाही. पावणेदोन किलोंत कुणाला काय दिसणार? एका मैत्रिणीने तर विचारलं, "व्यायाम करतेस ना, मग बारीक का नाही होत?"

गेल्या आठवड्यात ऑफिसची वार्षिक तपासणी पुन्हा झाली. टेप नव्हतीच. काट्यावर उभी राहिले, बाईंनी वजन लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "उंची?"

"१५७.५."

त्यांनी गेल्या वर्षीचा कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "इथे १६० आहे."

"चूक आहे ती. माझीच." त्यांनी खोडून नवा आकडा लिहिला. बीएमआय आला २३.२, पुढे हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. गेल्या वर्षी २३.३ होता.